फक्त माझ्यापुरतं

किल्ली कागदी रुमालात गुंडाळलेली होती, म्हणून ती दारातल्या टपालाच्या फटीतून आत पडली तेव्हा आवाज असा झालाच नाही. फटीवरची पितळी झडप तेवढी वाजली. मी स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होते. पोस्टमन इतक्या लवकर येत नाही, म्हणून सुरी हातात तशीच धरून बाहेर आले, तर पायपुसण्यावर पांढरी पुरचुंडी. उलगडली, तर माझ्याच घराची जादा किल्ली. तिला मीच हिरव्या लोकरीचा दोरा बांधला होता, नेस्टाला ती चटकन ओळखता यावी म्हणून. तीस वर्षं ती किल्ली खाली तळमजल्यावर नेस्टाच्या मागच्या दाराजवळच्या आकड्याला लटकत होती. जिन्यात तिची पावलं उतरत होती. एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग कठड्याला हात घासत पुढची पायरी. तिचा उजवा गुडघा गेलेला आहे. तो गुडघा घेऊन ती तीन जिने चढून आली, फट उघडली, किल्ली टाकली आणि फिरली. दार ठोठावलं असतं तर मी चार पावलांवर होते. हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून म्हणायचं काय? लोणी लावलेला पाव तसाच राहिला. मी पुन्हा जाऊन बसले आणि समुद्राकडे बघू लागले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बेक्सहिलचा समुद्र बहुतेक दिवस धुतलेल्या पाटीसारखा असतो, त्याच्याकडे पाहून काही सुचत नाही, म्हणूनच म्हातारी माणसं इथे राहायला येत असावीत.

गेल्या आठवड्यात मर्टल कोर्ट या आमच्या इमारतीतल्या सात घरांना मेंटेनन्सची नवी मागणी आली. आठव्या घराला, म्हणजे मला, आली नाही. किल्ली परत आली ती त्यामुळे.

आमच्याकडे फ्लॅट विकत घेणं म्हणजे भिंतींच्या आतली हवा विकत घेणं, असं माझा नवरा डेस्मंड म्हणायचा. भिंती, छप्पर, जिना, खालची जमीन सगळं मालकाचं, आपण नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर आतल्या हवेत राहायचं. दुरुस्ती मालकाने काढायची, त्याच्या मर्जीने, त्याच्या कंत्राटदाराकडून, आणि बिल आठ घरांनी सारखं वाटून भरायचं. आम्ही घर घेतलं तेव्हा हे वाक्य सही करण्याआधी वकिलाने वाचून दाखवलं होतं, पण माझं लक्ष त्याच्या खिडकीतल्या मांजरीकडे होतं. तेव्हा मालक म्हणजे मिस्टर टॉलहर्स्ट. छप्पर ठिबकलं की ते स्वतः यायचे, कोटाच्या बाह्या सरसावून, डांबराची बादली घेऊन माझ्या स्वयंपाकघरातून शिडीने वर चढायचे. खाली आले की हात रॉकेलने पुसायचे आणि माझ्याकडचा शहाजिऱ्याचा केक खायचे. घरभर डांबर, रॉकेल आणि केक असा एक वास राहायचा. तो वास आता जगात कुठेच नसेल. ते गेल्यावर मुलांनी इमारत विकायला काढली. कायदा असा की आधी आम्हा रहिवाशांना विचारायचं, निम्म्याहून जास्त घरं तयार असतील तर आम्हीच ती घेऊ शकत होतो. आम्ही आठही जण नेस्टाच्या बैठकीच्या खोलीत जमलो. चहा झाला, हवामान झालं, मिस्टर फेनविकच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आपण किती घालू शकतो हे पहिल्यांदा कोणी बोलायचं, हाच प्रश्न होता. पैशाबद्दल तोंड उघडणं आमच्यात कपडे काढण्यासारखं आहे. सगळे कपबशीत बघत बसले, सगळ्यांनी नेस्टाच्या पडद्यांचं कौतुक केलं आणि आपापल्या घरी गेले. मुदत संपली. इमारत एका कंपनीने घेतली. तिचं ऑफिस कुठल्या शहरात आहे हे आम्हाला पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळलं.

नवीन मालकाचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. छप्पर ठिबकायला लागलं तेव्हा मी कळवलं. फोन केला की एक यंत्र मला धीर धरायला सांगायचं आणि पियानो ऐकवायचं. मी सोळाव्या वर्षापासून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेली बाई. पलीकडे माणूस नाही हे मला श्वासावरून कळतं. तरी मी दर हिवाळ्यात कळवत राहिले. निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात, डेस्मंडच्या बाजूला, आधी चहाचा डाग पडावा तसा डाग पडला, मग त्याला कडा आल्या, मग तो पोटासारखा फुगला. डेस्मंड तोवर गेला होता. मी पलंग सरकवून खाली बादली ठेवली. अंधारात पडल्या पडल्या थेंब ऐकायची आणि मनात म्हणायची, हा कॉल कोणी घेत नाहीये. बऱ्याच हिवाळ्यांनंतर कंपनीने एकदम माणसं पाठवली, छपराच्या तुळया कुजल्यात, सगळं छप्पर नवं करायचं, असं जाहीर केलं आणि आठ घरांना असा आकडा पाठवला की मिस्टर फेनविक जिन्यातच बसले. कपाळाला हात लावून म्हणाले, "छप्पर घालतायत की कॅथेड्रल?"

"तुमचं काय बिघडलं?" नेस्टा त्यांना म्हणाली, "तुम्ही पहिल्या मजल्यावर, अर्धे तरी छपराच्या जवळ. मी तळाला. माझ्या डोक्यावर, तीन मजले वर, थेल्मा. माझं छप्पर म्हणजे ही बाई, आणि ती रोज पहाटे माझ्यावर टाचांच्या चपला घालून फिरते."

"मी चपला मऊ घालते," मी म्हणाले.

"मऊ! अगं, तू उठलीस की आवाज नळाच्या पाइपातून तळापर्यंत उतरतो आणि माझी बशी खणखणते. मला गजर लावावा लागत नाही."

हसलो आम्ही. त्या जिन्यात, त्या आकड्यासकट, तिघंही हसलो. नेस्टा प्रोबर्ट वेल्सची. नवऱ्यामागे इकडे आली, नवरा गेला, ती राहिली. तिचं बोलणं गाणं म्हटल्यासारखं वर जातं आणि शेवटी खाली येतं. रागावली तरी ऐकावंसं वाटतं. डेस्मंड ज्या सकाळी गेला तेव्हा मी कोणालाच कळवलं नव्हतं. अजून सात वाजले नव्हते, लोकांची झोप कशाला मोडायची, असा विचार करून मी त्याच्याशेजारी कपडे करून बसले होते. नेस्टा आपणहून वर आली, तीच हिरव्या दोऱ्याची किल्ली लावून. "तू आज चाललीच नाहीस," ती म्हणाली. "वर काहीच वाजलं नाही, म्हणून आले." आणि मग तिने माझ्या हातातून त्याचा हात सोडवला, हळूच, एकेक बोट करून.

खटला करायचा हे मी ठरवलं. खटला म्हणजे कोर्ट नव्हे, घरांच्या तंट्यांसाठी वेगळं न्यायमंडळ असतं. माझं म्हणणं साधं होतं. पहिल्या हिवाळ्यात कळवलं तेव्हा चार कौलं बदलली असती तर तुळया कुजल्या नसत्या, कंपनीच्या आळसाची किंमत आम्ही का द्यायची? मी एवढी का पेटले, मलाही कळलं नाही. पैसे नव्हते हे तर होतंच. घर विकायला लागलं असतं. ज्या खोलीत तो माणूस गेला ती खोली परक्याला द्यायची, हे मला करवत नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं मी कळवत होते आणि पलीकडे कोणीच नव्हतं, याचा तो राग होता. मला एका माणसासमोर बसून बोलायचं होतं.

नेस्टाला विचारलं, येतेस का माझ्याबरोबर अर्जात. ती ओवनमधून केक काढत होती. "कोर्टकचेरी माझ्या बापाने केली होती, कुंपणावरून," ती म्हणाली. "कुंपण राहिलं, बाप गेला. तू जा बाई. तुझं डोकं चालतं. मी चहा ठेवीन." मी पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे दोनदा विचारणं म्हणजे गळ्यात पडणं. तिने पहिला हप्ता भरून टाकला, मुलीकडून, ग्वेंडाकडून, उसने घेऊन. वरच्या मजल्यावरच्या डाग पडलेल्या घरातली मीच तेवढी लढायला उरले. मिस्टर फेनविक भेटले की म्हणायचे, "काय वकीलबाई, आज कोणाला फाशी?" पण दाराशी त्यांनी माझ्यासाठी एक जुनी फाइल ठेवली होती, रिकामी, स्वच्छ पुसलेली. मला वाटतं, त्या दिवसांत मी सुखी होते. सकाळी उठायला कारण होतं. खालच्या बश्या खणखणत होत्या.

सुनावणीच्या दिवशी सकाळी न्यायमंडळाची तीन माणसं आधी छप्पर बघायला आली. पावसाळी कोट घालून ती माझ्या निजायच्या खोलीत उभी राहिली आणि डेस्मंडच्या बाजूच्या डागाकडे मान वर करून बघत राहिली, चर्चमधल्या चित्राकडे बघावं तशी. इतक्या वर्षांत त्या डागाकडे माझ्याशिवाय कोणी इतका वेळ पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खिडकी उघडायच्या निमित्ताने वळले. दुपारी शेजारच्या गावातल्या एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये बसलो. भिंतीला सोनेरी कागद होता, आदल्या रात्रीच्या लग्नाचा एक फुगा छताला चिकटलेला होता. कंपनीची वकील एक तरुण मुलगी होती, फार सभ्य. मला खोकला आला तर तिने आपल्या सुरईतलं पाणी मला ओतून दिलं. अध्यक्ष माझ्याच वयाचे, कानात यंत्र घातलेले. मी बोलले. ते ऐकत होते. टेलिफोनवर खरं ऐकणाऱ्या माणसाची एक शांतता असते, ती मी ओळखते. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मिसेस पोकॉक, अजून एकच. कंपनी या खटल्याचा आपला खर्च मेंटेनन्समध्ये घालून रहिवाशांकडूनच वसूल करू शकते. तसं होऊ नये असा हुकूम तुम्ही मागितला आहे. तो तुमच्यापुरता हवा आहे, की बाकीच्या घरांसाठीही?"

"फक्त माझ्यापुरता, सर," मी म्हणाले. "बाकीच्यांना मी विचारलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "नक्की? तुम्हाला त्यांची नावं आताही सांगता येतील. नंतर त्यांची संमती घेऊ."

"नाही सर. त्यांच्या वतीने बोलणं मला शोभणार नाही."

त्या मुलीने काहीतरी लिहिलं. अध्यक्ष माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मला वाटलं, ते माझं मनात कौतुक करतायत. एक्स्चेंजमध्ये आमच्या पाठीमागे मिस ट्रेडवे नावाच्या बाई मऊ बुटांनी फिरायच्या. ओळीने बसलेल्या आम्ही मुली, कानाला यंत्र, हातात कॉल जोडायच्या दोऱ्या, समोर दिव्यांची भिंत. एकदा एका मुलीने, दोन माणसांचं भांडण ऐकवेना म्हणून, मध्येच "अहो, असं बोलू नका" म्हटलं होतं. मिस ट्रेडवेंनी तिला तिथल्या तिथे उठवलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, "मुलींनो, तुम्ही तार आहात. तारेला मत नसतं." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. मी त्यावर आयुष्य काढलं. कोणाच्या बोलण्यात पडायचं नाही, कोणाचं नाव त्याला न विचारता घ्यायचं नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही. आईचंही तेच होतं. ती हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी नर्सची माफी मागत होती, उशी बदलायला लावली म्हणून. त्या हॉलमध्ये, त्या फुग्याखाली, मी ताठ बसले होते. आईला, मिस ट्रेडवेंना, सगळ्यांना पसंत पडेल असं मी वागले होते.

मी जिंकले. निकालात लिहिलं होतं, कंपनीने वेळीच लक्ष घातलं नाही, सबब माझ्या वाट्याची रक्कम निम्म्याहून खाली आणावी. नेस्टाने तव्यावर मनुक्यांचे छोटे केक भाजले, साखर भुरभुरून, आणि गरम ताट घेऊन मला हाका मारत जिन्यात आली. "उतर खाली, महाराणी! तीन जिने चढून केक द्यायला मी काय नोकर?" मिस्टर फेनविकनी शेरी आणली. जिन्यातच उभे राहून प्यायलो. सगळ्यांना वाटलं, सगळ्यांचं कमी झालं. मलाही वाटलं. नवं छप्पर चढल्यावर कंपनीने एका परिच्छेदात समजावून दिलं की निकाल एका अर्जदारापुरता आहे. बाकीच्या सात घरांनी छपराचं पूर्ण बिल भरायचं. आणि त्याशिवाय, खटल्यात लागलेली वकील, सॉलिसिटर आणि तज्ज्ञ यांची फी इमारतीच्या खर्चात धरलेली आहे, तिचाही वाटा द्यायचा. वर क्रमांक आठ, मिसेस पोकॉक यांना हुकमाने वगळलेलं. त्या मुलीने मला ओतून दिलेलं पाणीसुद्धा नेस्टाच्या बिलात आलं.

मिस्टर फेनविक त्यानंतर "वकीलबाई" म्हणाले नाहीत. ते "गुड मॉर्निंग" म्हणतात, अगदी व्यवस्थित, आणि मी पुढे जाईपर्यंत दार धरून ठेवतात. कोणी माझ्याशी भांडलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यात भांडत नाहीत. आवाज एक पट्टी खाली आणतात, आणि तो मग पुन्हा वर जात नाही. मी सल्ला केंद्रात जाऊन आले. तिथली बाई म्हणाली, त्यांना अजूनही वेगळा अर्ज करता येईल, मिळेलच असं नाही. मी ते घेऊन खाली जाणार होते. काल जाणार होते, परवा जाणार होते. आज किल्ली आली.

मी गेले. सुरी ठेवली, केस नीट केले, जिना उतरले. नेस्टाने दार उघडलं. आतल्या खोलीत खोकी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबश्या. भिंतीवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन.

"या ना, मिसेस पोकॉक," ती म्हणाली.

मी बसले नाही. "नेस्टा, वेगळा अर्ज करता येतो. मी भरते. मी तुझ्याबरोबर येते. तू नुसती बस."

"पुन्हा त्या हॉटेलात जायचं? आणि हरलो की त्याचाही खर्च आम्हीच द्यायचा ना?" ती शांतपणे एक कप गुंडाळत होती. "नको. घर विकायचं ठरलंय. ग्वेंडाचे पैसे फेडायचेत, आणि आता हे नवं. तिच्या गॅरेजवर एक खोली आहे. गुडघ्याला जिना आहे, पण एकच."

"माझं जे वाचलं ते तू घे. मी सांगते, घे. मला ते नकोय."

"ते तुमचं आहे. तुम्ही जिंकलात." तिने कप खोक्यात ठेवला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, ती थकलेली होती. "त्यांनी विचारलं होतं म्हणे तुम्हाला. मिस्टर फेनविकनी निकाल अख्खा वाचला. नावं सांगा म्हणून दोनदा विचारलं. माझं नाव घ्यायला काय लागत होतं?"

"तुला त्रास नको म्हणून. तू म्हणाली होतीस, कोर्टकचेरी..."

"हो," ती म्हणाली. "त्रास नाही दिलात तुम्ही. तीस वर्षांत कधीच नाही दिलात. नवरा शेजारी गार पडला तरी दिला नाहीत. मीच वर आले." मग, पाहुण्याला म्हणावं तसं, "चहा घेणार का? किटली अजून बाहेर आहे."

मी नको म्हणाले. का नको म्हणाले? हो म्हटलं असतं तर तिला पाणी ठेवावं लागलं असतं, गुंडाळलेल्या कपांतले दोन पुन्हा उलगडावे लागले असते, म्हणजे त्या पाचदहा मिनिटांत काहीतरी झालं असतं, ती रडली असती, मी रडले असते, तिने मला शिव्या दिल्या असत्या तिच्या त्या गाण्यासारख्या आवाजात. पण माझ्या तोंडून "नको, तुला कशाला त्रास" हेच बाहेर पडलं. दोघींनीही ते ऐकलं. ती दार लावायला माझ्यामागे आली.

जिना चढताना मला दम लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. एवढ्या वर्षांत मी या इमारतीत कोणाकडे साखर मागितली नाही, कोणाला बल्ब बदलायला बोलावलं नाही. याचा मला अभिमान होता. लोक माझ्याबद्दल म्हणायचे, थेल्मा म्हणजे काही कटकट नाही. मला आत्ता वाटतं, मी इथे राहिलेच नाही. मी जोडून देत होते आणि बाजूला होत होते. फक्त एका बाईच्या बश्या माझ्या चालण्याने खणखणत होत्या आणि तिने ते सहन केलं होतं, सहन केलं म्हणण्यापेक्षा त्यावर कान ठेवला होता.

ग्वेंडा शनिवारी गाडी घेऊन आली. बरोबर एक छोटा टेम्पो. सगळं पटकन झालं, माणसाचं सामान इतकं कमी असतं. मी बाल्कनीत उभी होते. समुद्रावरून गार वारा येत होता. वाळूतून कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. नेस्टा तिच्या निळ्या कोटात बाहेर आली. ग्वेंडाने तिला गाडीचं दार उघडून दिलं, पण ती लगेच बसली नाही. दारावर हात ठेवून तिने मान वर केली. नाव माझ्या ओठांवर आलं होतं, हात कठड्यावरून उचललाही होता. दिवसाला शेकडो नावं स्पष्ट उच्चारणारी मी. पण तिची नजर माझ्यावरून गेली, वर, छपराकडे. नव्या काळ्या कौलांच्या ओळी ती बराच वेळ बघत होती, दुकानातली एखादी महाग वस्तू घेऊन झाल्यावर तिच्याकडे बघावं तशी. मग ती वाकून आत बसली. गुडघा आत घ्यायला तिला दोन्ही हात लागले.

संध्याकाळी वाऱ्याबरोबर पाऊस आला, तिरपा, खिडक्यांवर आदळणारा. मी निजायच्या खोलीत, डेस्मंडच्या बाजूला बसून कोपऱ्याकडे बघत होते. छप्पर गळलं नाही.